समुद्रसपाटी सपाट नसते

२०२४ साली जगभरातल्या समुद्राची पातळी ५.९ मिलिमीटरने वाढली, असं नासाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. अपेक्षा ४.३ मिलिमीटरची होती. बातमी वाचून बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी वाढ, तिचं एवढं काय?

त्याचं उत्तर पुढे येईलच. पण मला त्याआधीचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसं कोणी विचारत नाही: ५.९ मिलिमीटर म्हणजे नेमकी कुठे? उत्तर असं की, जवळपास कुठेच नाही. काही किनाऱ्यांवर पाणी याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चढतं आहे, काही ठिकाणी जागच्या जागी आहे आणि काही ठिकाणी चक्क उतरतं आहे. ५.९ ही या सगळ्याची सरासरी.

हे पटकन पचत नाही, कारण आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे टाकीतलं पाणी. एका कोपऱ्यात बादली ओतली की पातळी सगळीकडे सारखीच वर येणार. आपला शब्दही त्याच समजुतीला बळ देतो: समुद्रसपाटी. पण समुद्र सपाट नाही. लाटा सोडून द्या, भरती-ओहोटी सोडून द्या, वारा पूर्ण पडला असं धरा, तरीही नाही.

## ओळंबा आणि पाणसळ

गवंडी भिंत बांधताना दोन साधनं हाताशी ठेवतो. ओळंबा सांगतो, खाली म्हणजे कुठे. पाणसळ सांगते, आडवं म्हणजे काय. दोन्ही चालतात ती गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवर. ओळंब्याची दोरी जशी लोंबते, तिला काटकोनात पाणी स्थिरावतं. समुद्र ही पृथ्वीएवढी पाणसळच आहे.

फक्त ओळंबा दर ठिकाणी ठीक पृथ्वीच्या केंद्राकडेच लोंबतो असं नाही. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलिन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराच्या दोन बाजूंना हे तपासलं. ताऱ्यांच्या जागा पक्क्या धरून त्याने ओळंब्याचा कल मोजला. दोन्हीकडे ओळंबा डोंगराच्या बाजूला किंचित झुकलेला निघाला. डोंगरात वस्तुमान आहे आणि वस्तुमान ओढतं, इतकं साधं कारण. त्या इवल्याशा झुकावावरून पुढे सबंध पृथ्वीची घनता काढण्यात आली.

डोंगर ओळंब्याला ओढतो, तसा पाण्यालाही ओढतो. समुद्रतळावर बुडालेला पर्वत असेल, तर त्याच्या डोक्यावर पाणी किंचित उंच साचतं. खोल दरी असेल तिथे पाणी दबलेलं असतं. पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक आहे, कुठे तापलेला हलका खडक आहे, त्याप्रमाणेही पाण्याचा पृष्ठभाग चढतो-उतरतो. वारा, प्रवाह, भरती काही नसताना समुद्र ज्या उंच-सखल आकारात स्थिरावेल, त्या आकाराला जिऑइड म्हणतात. शास्त्रातला तेवढा एक शब्द लक्षात ठेवला तरी पुरे.

पृथ्वीवरचा या आकारातला सगळ्यांत मोठा खळगा हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. तिथे पाण्याचा पृष्ठभाग, पृथ्वीचा आकार नियमित धरला तर जिथे असायला हवा, त्याच्या १०६ मीटर खाली आहे. उलट न्यू गिनीच्या आसपास तो सुमारे ८० मीटर वर आहे. म्हणजे एकाच सलग पाण्यात १८० मीटरहून जास्त फरक. हिंदी महासागरातला खळगा का पडला, याचा माग २०२३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी काढला. त्यांच्या प्रारूपानुसार त्या भागाखाली, शेकडो किलोमीटर खोलवर, आफ्रिकेच्या बाजूने सरकत आलेला तप्त आणि म्हणून हलका खडक आहे. हलक्या खडकाची ओढ कमी, त्यामुळे वरचं पाणीही कमी.

मग जहाज त्या खळग्यात घसरत का नाही? कारण उतार म्हणजे ओढीच्या दिशेने खाली जाणारी वाट, आणि इथे पाण्याचा पृष्ठभाग प्रत्येक बिंदूवर ओळंब्याला काटकोनातच आहे. जहाजावर पाणसळ ठेवली तर तिचा बुडबुडा मधोमध राहील. खलाशांच्या कितीतरी पिढ्या तिथून गेल्या, कोणाला काही जाणवलं नाही. जाणवणं शक्यच नव्हतं.

## वारा, प्रवाह आणि ऊब

जिऑइड हा पाया झाला. प्रत्यक्ष समुद्र त्यावरही हलतो. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ वर्षभर पूर्वेकडून पश्चिमेला वारे वाहतात. ते पाणी ढकलत नेतात, त्यामुळे इंडोनेशियाच्या बाजूची पातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. एल निनोच्या काळात हे वारे मंदावले की साचलेलं पाणी पूर्वेकडे परततं.

प्रवाहांचाही हातभार असतो. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून उत्तरेला वाहतो. पृथ्वी फिरते आहे, म्हणून उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे रेटलं जातं. परिणामी या प्रवाहाची समुद्राकडची बाजू किनाऱ्याकडच्या बाजूपेक्षा जवळजवळ एक मीटर उंच असते. हा फरक टिकतो तो प्रवाह जोरात आहे म्हणून. प्रवाह मंदावला तर समुद्राकडचं पाणी किनाऱ्याकडे सरकणार. २००९-१० मध्ये अटलांटिकचं अभिसरण, म्हणजे गल्फ स्ट्रीम ज्याचा भाग आहे ते प्रवाहांचं मोठं चक्र, तात्पुरतं सुमारे ३० टक्क्यांनी मंदावलं आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर पातळी दोन वर्षांत जवळपास १३ सेंटीमीटर चढली. कुठला बर्फ अचानक वितळला नव्हता. पाण्याने फक्त जागा बदलली होती.

आणि ऊब. पाणी तापलं की फुगतं. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकते आहे, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रच पोटात घेतो. उष्ण कटिबंधातल्या पाण्याचा १०० मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला तर साधारण ३ सेंटीमीटर फुगतो. तेवढंच थंड ध्रुवीय पाणी एका अंशाने तापलं तर त्याहून पुष्कळच कमी फुगतं. अलीकडच्या वर्षांत पातळीवाढीचा सुमारे दोन तृतीयांश भाग जमिनीवरचा बर्फ वितळल्याने येत होता आणि एक तृतीयांश पाणी फुगल्याने. २०२४ मध्ये हे प्रमाण उलटं झालं, कारण ते मोजणीतलं सर्वांत उष्ण वर्ष होतं.

## ग्रीनलंड वितळलं तर ग्रीनलंडचा समुद्र उतरेल

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापताना चूक झाली असं वाटलं होतं. चूक नव्हती. सबंध विषयातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे.

ग्रीनलंडवर जवळपास ३० लाख घन किलोमीटर बर्फ आहे, काही ठिकाणी तीन किलोमीटर जाड. शिहॅलियनसारखा एक डोंगर ओळंबा वाकवू शकतो, तर बर्फाचा एवढा डोंगर काय करत असेल? तो भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत आज जे पाणी आहे, त्यातलं काही केवळ या ओढीमुळे तिथे टिकून आहे.

आता बर्फ वितळून समुद्रात गेला. पाणी वाढलं, पण ओढ कमी झाली. धरून ठेवलेलं पाणी सुटलं आणि दूर निघून गेलं. शिवाय वरचं ओझं हलकं झाल्यामुळे खालची जमीन उचलली गेली. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा: वितळणाऱ्या बर्फापासून सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्राची पातळी वाढत नाही, घटते. आणि जे पाणी इथून निघून गेलं, ते अर्थातच दुसरीकडे जमा होतं, म्हणून दूरच्या किनाऱ्यांवर वाढ सरासरीपेक्षा जास्त होते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड याने तिचं गणित १८८८ साली मांडलं होतं. पुढे फॅरेल आणि क्लार्क यांनी १९७६ मध्ये ते आजच्या रूपात आणलं. प्रत्येक हिमथराचा समुद्रावर उमटणारा नकाशा वेगळा असतो, म्हणून त्याला त्या हिमथराचा ठसा म्हणतात, बोटाच्या ठशासारखा. कागदावरचा हा ठसा खऱ्या समुद्रात सापडेपर्यंत मात्र शतकाहून जास्त काळ गेला. २०२२ साली सोफी कूलसन ही संशोधिका आणि तिच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींत ग्रीनलंडचा ठसा दाखवून दिला.

यातून निघणारा अर्थ मोठा आहे. उत्तर युरोपाच्या नकाशात ग्रीनलंड शेजारी दिसतं, पण ते वितळल्याचा तिथल्या समुद्रावरचा परिणाम सरासरीपेक्षा पुष्कळ कमी आहे. त्या किनाऱ्यांनी जास्त काळजी करावी ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या अंटार्क्टिकाची. पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमथर ढासळला तर सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त पाणी चढेल ते उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि हिंदी महासागरात. कुठला बर्फ आधी जातो, यावर कुठलं बंदर आधी बुडतं हे ठरतं.

बर्फ किती जातो आहे हे मोजायलाही हीच ओढ उपयोगी पडली. २००२ मध्ये ग्रेस नावाचे जुळे उपग्रह सोडले गेले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून ते फिरत. पुढचा उपग्रह जड भागाजवळ आला की थोडा पुढे ओढला जाई, मग मागचा. दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीच्याही अंशापर्यंत मोजलं की खाली किती वस्तुमान आहे ते कळे, आणि दर महिन्याला मोजलं की किती घटलं तेही. एका परीने ग्रीनलंडला तराजूत घालून तोललं गेलं. ते वर्षाला सरासरी २५० अब्ज टनांहून जास्त बर्फ गमावतं आहे. समुद्र एक मिलिमीटर चढायला साधारण ३६० अब्ज टन पाणी लागतं.

## पण पेल्यातला बर्फ वितळला तर पाणी सांडत नाही ना?

बरोबर, सांडत नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. आर्क्टिक समुद्रावरचा गोठलेला थर वितळला तर पातळी जवळजवळ बदलत नाही. पण ग्रीनलंडचा आणि अंटार्क्टिकाचा बहुतेक बर्फ पेल्यात नाही, तो जमिनीवर आहे. तो पेल्यात येणं म्हणजे बाहेरून नवीन भर. ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर सरासरी पातळी सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा गेला तर सुमारे ५८ मीटर. हे एका पिढीत होणार नाही. पण २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.

## जमीन कुठे स्थिर असते?

स्वीडनमध्ये येव्ले शहराजवळ लव्हग्रुंड नावाचं छोटं बेट आहे. १७३१ साली अँडर्स सेल्सियसने, तापमानाच्या मापाला ज्याचं नाव आहे त्यानेच, तिथल्या किनाऱ्यावरच्या एका खडकावर पाण्याच्या पातळीला खूण कोरून घेतली. आज ती खूण पाण्याच्या सुमारे दोन मीटर वर आहे. समुद्र आटतो आहे, असा सेल्सियसचा निष्कर्ष होता. निरीक्षण अचूक होतं, पण कारण चुकलं. पाणी उतरत नव्हतं, खडक वर येत होता.

हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचं प्रचंड ओझं होतं. त्याखाली जमीन दबली. बर्फ जाऊन दहा हजार वर्षं होत आली, तरी ती अजून वर येतेच आहे, बोथनियाच्या आखाताच्या उत्तरेकडे वर्षाला एक सेंटीमीटरच्या आसपास. कापसाच्या गादीवरून माणूस उठला की दबलेली जागा सावकाश भरून येते, तसं. सेल्सियसला दोष देण्यात अर्थ नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी उतरलं की जमीन चढली, हे नुसतं पाहून सांगता येतच नाही.

याची उलट बाजू जास्त चिंतेची आहे. जमिनीतून बेसुमार पाणी उपसलं की खालचे मातीचे थर आवळतात आणि वरचं शहर खचतं. जाकार्तामध्ये हे इतकं झालं की इंडोनेशियाने राजधानी हलवायचा निर्णय घेतला, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांतली जमीन मुळातच गाळाची, म्हणून आपल्याच वजनाने बसणारी. माणसांची दाटी नेमकी तिथेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांच्या संख्येनुसार सरासरी काढली, तेव्हा पातळीवाढ वर्षाला सुमारे ८ ते १० मिलिमीटर निघाली. समुद्राची सरासरी वाढ त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. किनाऱ्यावरच्या माणसांच्या दृष्टीने सरासरी पाहिली तर पाणी जेवढं चढतं आहे, त्याहून जास्त पायाखालची जमीन खचते आहे.

यात आशेची गोष्टही आहे. टोकियोचा काही भाग विसाव्या शतकात चार मीटरहून जास्त खचला. उपशावर कडक बंधनं आल्यावर खचणं जवळपास थांबलं. गेलेली उंची परत मिळाली नाही, पण पुढचं नुकसान टळलं. हिमथर थोपवणं एका शहराच्या हातात नसतं, पंप बंद करणं असतं.

## तेराशे किलोमीटरवरून मिलिमीटर कसे मोजतात?

शंका रास्त आहे. १९९२ साली सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन या अमेरिकी-फ्रेंच उपग्रहापासून ही मोजणी सलग चालू आहे. त्याचे वारसदार आजही त्याच कक्षेत, १,३३६ किलोमीटर उंचीवर फिरतात. उपग्रह रडारचा स्पंद खाली सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो. जायला-यायला एका सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. त्या वेळेवरून अंतर काढतात. हवेतल्या बाष्पामुळे स्पंदाला उशीर होतो, म्हणून बाष्प मोजणारं वेगळं यंत्र सोबत असतं. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे, हे जमिनीवरून लेसरने ताडून पाहतात.

एवढं करूनही एका मोजणीत काही सेंटीमीटरची चूक राहतेच. पण दर दहा दिवसांनी बहुतेक सगळ्या समुद्रावरून लाखो मोजण्या होतात आणि इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना खोडतात. शिवाय किनाऱ्यांवरचे भरतीमापक आहेतच, त्यांच्याशी ताळा घेतला जातो. १९९३ पासून सरासरी पातळी १० सेंटीमीटरने चढली आणि चढण्याचा वेग दुपटीहून जास्त झाला, हे निष्कर्ष अशा मोजणीतून आले आहेत.

## मधेच पातळी उतरली होती, त्याचं काय?

२०१०-११ मध्ये जगाची सरासरी पातळी खरोखरच सुमारे ५ मिलिमीटरने खाली आली. मग वाढ थांबली का? नाही. ला निनाच्या, म्हणजे एल निनोच्या उलट स्थितीच्या, त्या काळात समुद्रावरून उडालेलं पाणी जमिनीवर प्रचंड प्रमाणात बरसलं, विशेषतः ऑस्ट्रेलियात. त्या खंडाच्या मधल्या मोठ्या भागातलं पाणी समुद्राला मिळतच नाही, आतल्या सखल भागात साचतं आणि सुकतं. म्हणून ते परत यायला वेळ लागला. आलं तेव्हा पातळी पुन्हा आपल्या वाटेवर चढली. एका वर्षाच्या आकड्यावरून, चढत्या किंवा उतरत्या, काही ठरवू नये. २०२४ च्या आकड्यालाही हेच लागू आहे.

## भरती कित्येक मीटर चढते, तिथे दहा सेंटीमीटर काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. पुराचं पाणी अंगणात कितीही साचलं, तरी उंबरठ्याच्या आत येत नाही तोवर घर कोरडं असतं. सगळा हिशोब उंबरठ्याशी आहे. बंदरांचे धक्के, किनाऱ्यावरचे बांध, सांडपाण्याची तोंडं या सगळ्यांच्या उंच्या जुनी भरती पाहून ठरवलेल्या आहेत, थोडी वाव ठेवून. दहा सेंटीमीटरने अंगणच उंचावलं की ती वाव संपते. पूर्वी मोठ्या वादळालाच उंबरठा ओलांडता येई, आता मध्यम वादळालाही येतो. पुढे तर वारा नसताना, नुसत्या मोठ्या भरतीलाही. आणि सपाट किनाऱ्यावर उभी वाढ काही सेंटीमीटरची असली तरी पाणी आत शिरतं ते कित्येक मीटर. विहिरी खाऱ्या होतात त्या तर पूर येण्याच्याही आधी.

## सरासरी मग कशासाठी?

सरासरी पृथ्वीचा ताप सांगते, किती उष्णता आणि किती बर्फ समुद्रात गेला ते. एखाद्या बंदराने मात्र तिच्यावर विसंबून बांध घालू नये. त्या बंदराला स्वतःची बेरीज करावी लागते: पाणी किती फुगलं, प्रवाह आणि वारे काय करत आहेत, कुठल्या हिमथराचा ठसा तिथे कसा उमटतो आणि पायाखालची जमीन वर जाते की खाली. यासाठी आता बऱ्याच भरतीमापकांशेजारी जीपीएसची स्थानकं बसवली आहेत. एक पाण्याकडे पाहतं, दुसरं जमिनीकडे. सेल्सियसला जे वेगळं करता आलं नव्हतं, ते ही जोडी करते.

स्टॉकहोममध्ये १७७४ पासून पातळीची नोंद ठेवली जाते, जगातल्या सर्वांत जुन्या सलग नोंदींपैकी ती एक. जमीन वर येत असल्यामुळे तिथे दीर्घकाळ पाणी वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरने उतरत राहिलं. अलीकडच्या दशकांत ही उतरण मंदावत गेली आहे. जमिनीचा वेग तोच आहे. पाणी तिला गाठू लागलं आहे.